हमीच्या योजनेआधी आईची ठेव

प्रश्न : मी ३६ वर्षांचा असून बेळगावात टिळकवाडीला राहतो. उद्यमबागेतील कारखान्यात आठ वर्षे इंजिनिअर होतो. २०२२ मध्ये नोकरी सोडली आणि तेव्हापासून पोकर हाच माझा व्यवसाय आहे. ऑनलाइन खेळ बंद झाल्यापासून दर गुरुवारी गोव्याला जातो आणि रविवारी रात्री परततो. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका असून तिला २८ हजार पगार आहे. मुलगी सात वर्षांची आहे. माझ्या गैरहजेरीत पत्नीची फार ओढाताण होते, म्हणून तिने नोकरी सोडावी असे आम्हाला वाटते. तिच्या पगाराची भरपाई म्हणून माझा मावसभाऊ, जो विमा एजंट आहे, दहा टक्के हमीची योजना सुचवतो : वर्षाला तीन लाख दहा वर्षे भरायचे, पुढे पंधरा वर्षे दरसाल तीन लाख मिळतात आणि शेवटी भरलेले तीस लाख परत. ही योजना घ्यावी की तेवढीच रक्कम एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक हप्त्याने, घालावी? सोबत माझ्या खेळाचा तक्ता जोडला आहे.

उत्तर : विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो, कारण तुमच्या तक्त्यात त्याहून गंभीर गोष्ट आहे. योजना घेऊ नका. तीस लाखांवर तीन लाख म्हणजे दहा टक्के, हे मावसभावाचे गणित मी शेकडो माहितीपत्रकांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले पाहिले आहे. पहिला हप्ता भरल्यापासून पहिले तीन लाख हाती येईपर्यंत बारा वर्षे जातात आणि तीस लाख परत मिळतात ते सव्वीस वर्षांनी. ही वाट पाहणे हिशेबात धरले की परतावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास येतो, जो पोस्टातील ठेवीपेक्षाही कमी आहे. शिवाय पत्नीचा पगार थांबणार या जूनमध्ये आणि त्याची भरपाई सुरू होणार मुलगी एकोणीस वर्षांची झाल्यावर, एवढी साधी विसंगती सांगणाऱ्याच्या लक्षात आली नसेल असे मला वाटत नाही. एसआयपीचा विचारही तूर्त बाजूला ठेवा, कारण त्यात घालण्यासाठी तुमच्याकडे स्वतःचे पैसे आहेत की नाहीत हेच आधी ठरवावे लागेल.

तक्ता तुम्ही नेटका ठेवला आहे. जिंकलेल्या रात्री हिरव्या आणि हरलेल्या तांबड्या आहेत, प्रत्येक रात्रीचे तास लिहिलेले आहेत, आणि सर्वांत वर 'भांडवल २७ लाख' असा आकडा आहे. त्याखाली बारीक अक्षरांत फोड आहे : स्वतःचे ९, आई १८. पत्रात या अठरा लाखांविषयी एकच वाक्य येते. वडिलांच्या निधनानंतर मिळालेले फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आईच्या नावे पोस्टात होते, ते तुम्ही सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या सहीने काढले, सोसायटीत जास्त व्याज मिळते असे तिला सांगितले, आणि तेव्हापासून दरमहा तिच्या हाती 'व्याज' म्हणून दहा हजार देत आहात. हे वाक्य तुम्ही आधार देणाऱ्या कर्त्या मुलाच्या सुरात लिहिले आहे, म्हणून त्याचा हिशेब सविस्तर मांडतो.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत मे २०२३ मध्ये ठेवलेल्या १८ लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला सुमारे १ लाख ४८ हजार, म्हणजे महिन्याला १२,३०० रुपये येत होते. दोन वर्षे उलटल्यावर पण मुदतीआधी खाते बंद केल्याने एक टक्का, म्हणजे १८ हजार रुपये कापले गेले. आता तुम्ही दहा हजार देता. म्हणजे सरकारी हमी असलेली ठेव मोडून आईने ती पत्त्यांच्या टेबलावर ठेवली आणि त्याबद्दल तिला महिन्याला तेवीसशे रुपये कमी मिळू लागले. जिंकलात तर नफा तुमचा, हरलात तर मुद्दल तिची. असे कर्ज कोणतीही बँक तुम्हाला देणार नाही. तुमच्या आई ६४ वर्षांच्या आहेत, त्यांना दुसरे उत्पन्न नाही, आणि निपाणीला दिलेल्या तुमच्या बहिणीला या व्यवहाराची कल्पना आहे असे पत्रावरून दिसत नाही. उद्या आईंना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि बहिणीने 'सोसायटीतली ठेव मोडू या' असे सुचवले, तर त्या क्षणी तुम्ही काय सांगणार आहात?

तुमचे म्हणणे असे की भांडवल सुरक्षित आहे, उलट सात महिन्यांत त्यावर पाच लाख मिळाले. हा आकडा तपासू. प्रत्येक फेरीचा खर्च नऊ हजार असल्याचे तुम्ही पत्रात लिहिता : चोर्ला घाटातून जाण्यायेण्याचे पेट्रोल, पणजीतील लॉज, जेवण आणि कॅसिनोचे प्रवेशशुल्क. तक्त्यात मात्र त्याला रकानाच नाही. महिन्याला चार फेऱ्या धरल्या तर सात महिन्यांचे अडीच लाख होतात. घरखर्च ५५ हजार, त्यातून पत्नीचा पगार वजा जाता २७ हजारांची तूट तुम्ही याच पैशांतून भरता. ती १ लाख ९० हजार झाली. आईंना दिलेले ७० हजार. एकूण ५ लाख १० हजार. फौंड्रीचा मालक वीज, कोळसा आणि मजुरी न धरता विकलेल्या मालाच्या किमतीलाच नफा म्हणू लागला तर उद्यमबागेतील माणूस म्हणून तुम्ही त्याला हसाल. तुमचा तक्ता नेमके तेच करतो. सप्टेंबरात २७ लाख होते आणि मार्चअखेरही २७ लाखच आहेत, हे त्याचेच कारण.

त्यातून अजून प्राप्तिकर जायचा आहे. गोव्यात टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापायचा कर, कापला गेलेला नाही, म्हणून कर लागत नाही असा तुमचा समज दिसतो. ऑनलाइन खेळत होता तेव्हा एप्रिल २०२३ पासून संकेतस्थळच वर्षभराच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कापून घेत असे, त्यामुळे बहुतेक कर आपोआप मिटत होता आणि हरलेले पैसेही हिशेबात वजा होत होते. प्रत्यक्ष टेबलावरील खेळाला ती सवलत नाही. पत्त्यांच्या खेळात जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के, उपकरासह ३१.२ टक्के कर आहे, त्यातून प्रवासाचा किंवा राहण्याचा खर्च वजा होत नाही, आणि कायद्याच्या रूढ अर्थानुसार हरलेल्या रात्री जिंकलेल्या रात्रींतून वजा करता येत नाहीत. तुमच्या हिरव्या रात्रींची बेरीज १३ लाख आहे आणि तांबड्यांची ८ लाख. म्हणजे कर पाच लाखांवर दीड लाख नव्हे, तेरा लाखांवर सुमारे चार लाख होऊ शकतो. हे धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवावे असे सांगणारे सल्लागार भेटतात. तो मार्ग धरायचा असेल तर सनदी लेखापालाकडून लेखी मत घ्या आणि वादाची तयारी ठेवा. आगाऊ कर भरलेला नसल्याने दरमहा एक टक्का व्याजही चढते आहे.

पोकर हा कौशल्याचा खेळ आहे आणि न्यायालयानेही ते मानले आहे, असा तुमचा युक्तिवाद आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने राज्याची २०२१ ची ऑनलाइन खेळांवरील बंदी फेब्रुवारी २०२२ मध्ये रद्द केली हे खरे. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांत कौशल्य आणि नशीब असा भेदच करत नाही, आणि कराचा कायदाही करत नाही. परदेशी संकेतस्थळावर एजंटमार्फत खाते उघडण्याचा जो विचार तुम्ही जाता जाता मांडला आहे तो सोडून द्या. अशा व्यवहारांना बँकांना मनाई आहे आणि एजंटाकडे अडकलेले पैसे कोणाकडे मागणार?

तुमच्या कौशल्यावर मी शंका घेत नाही. ऑनलाइन लाखो डाव खेळून तीन वर्षे नफ्यात राहणारा माणूस खेळ जाणतो. पण ऑनलाइन चार टेबलांवर तासाला अडीचशे डाव होत होते आणि कॅसिनोत जेमतेम अठ्ठावीस होतात. तुमच्या तक्त्यातील पावणेसातशे तासांत एकोणीस हजार डाव झाले असतील. एवढ्या डावांत ५०० रुपयांच्या बिग ब्लाइंडवर (पत्ते वाटण्याआधी सक्तीने लावायची रक्कम, जिच्यावरून टेबलाची पातळी ठरते) निव्वळ नशिबाने सहा लाख इकडे किंवा तिकडे होणे ही सामान्य गोष्ट आहे. तुमचे पाच लाख त्या टप्प्यातच बसतात. ते कौशल्याने आले असतील, केवळ पत्ते चांगले पडले म्हणूनही आले असतील. सात महिन्यांच्या नोंदीवरून ते तुम्हालाही सांगता येणार नाही, मग त्या भरवशावर पत्नीचा पगार बंद करणे कसे योग्य ठरेल?

आता आईंचे १८ लाख बाजूला काढून पुन्हा पाहू, कारण ते काढायचेच आहेत. उरले ९ लाख. कराचे ४ लाख वेगळे ठेवले की तुमचे स्वतःचे ५ लाख. ५०० च्या टेबलावर एकदा बसायला ५० हजार लागतात; पाच लाखांत तिथे दहा वेळा बसता येते, आणि दहा वेळा बसण्याइतक्या भांडवलावर व्यावसायिक खेळाडूने त्या टेबलाकडे जाऊ नये हे तुम्हीच इतरांना सांगत असाल. म्हणून २०० च्या टेबलावर उतरावे लागेल. तिथे कमाई त्याच प्रमाणात, म्हणजे दोन पंचमांश होईल : महिन्याला ७१ हजारांऐवजी २८ हजार. चार फेऱ्यांचा खर्च मात्र ३६ हजारच राहतो. थोडक्यात, आईंची ठेव काढून घेतली की तुमचा व्यवसाय घाट चढण्याचा खर्चही भागवत नाही. पावसाळ्यात चोर्ला घाट बंद पडला की अनमोडने वळसा घालावा लागतो, फेऱ्या चुकतात, आणि नेमकी तेव्हाच शाळेची फी आणि गणपतीचा खर्च येतो, हे मी धरलेलेच नाही.

त्यामुळे पत्नीने नोकरी सोडण्याचा विषय आज बंद करा. २८ हजार हे तुमच्या घरातील एकमेव उत्पन्न आहे जे दर महिन्याला ठरलेल्या दिवशी येते, ज्याची पगारपत्रिका मिळते, ज्याच्याबरोबर भविष्यनिर्वाह निधी जमा होतो आणि ज्यावर बँक कर्ज देते. गुरुवार ते रविवार एकटीने घर, शाळा आणि सासूबाईंची औषधे सांभाळून त्या दमतात, ही तक्रार खरी आहे. पण तिच्यावर उपाय म्हणून त्यांचेच उत्पन्न कापायचे, हे मला पटत नाही. कमी करायच्या असतील तर त्या तुमच्या फेऱ्या. उद्यमबागेत आठ वर्षांचा अनुभव असलेल्या इंजिनिअरला काम मिळते. तुम्हाला शेवटचा पगार ४६ हजार होता. ४० हजार मिळाले तरी दोघांचे ६८ हजार होतात आणि ५५ हजारांचा खर्च भागून थोडे उरतात. पोकर सोडा असे मी म्हणत नाही. महिन्यातून एक शनिवार-रविवार, २०० च्या टेबलावर, वेगळ्या खात्यातील पाच लाखांतून खेळा, आणि त्या खात्यातून घरखर्चाला एक रुपयाही घेऊ नका व घरखर्चातून त्यात एक रुपयाही टाकू नका. पुढची दोन वर्षे हा हिशेब, प्रवासाच्या रकान्यासह, पत्नीसमोर दर महिन्याला उघडा ठेवा.

विम्याचा विषय तुमच्या पत्रात फक्त मावसभावाच्या योजनेपुरता येतो. कंपनी सोडली तेव्हा गट आरोग्य विमाही गेला आणि चार वर्षांत नवा घेतला नाही. चौघांचा आरोग्य विमा, आईंसाठी स्वतंत्र, या महिन्यात घ्या. वैयक्तिक आरोग्य विमा आणि आयुर्विम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम देणारा आयुर्विमा, दोघांनीही घ्यावा. विमा कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते, आणि आज तसा सरळ कागद फक्त तुमच्या पत्नीकडे आहे. तुमच्या नावे सोसायटीत असलेले ६ लाख घरखर्चाची राखीव रक्कम म्हणून चांगले आहेत, पण ती पतसंस्था असल्याने बँकांच्या ठेवींना असलेले पाच लाखांचे विमासंरक्षण तिला नाही. ते हळूहळू बँकेत हलवा.

आईंचे पैसे परत ठेवताना त्यांच्याच नावे, पोस्टात किंवा बँकेत, ज्येष्ठ नागरिक योजनेत नवे खाते उघडता येते. व्याजदर त्या तिमाहीत लागू असेल तो मिळेल. कापले गेलेले १८ हजार आणि सात महिन्यांत कमी दिलेले सुमारे १६ हजार तुमच्या नऊ लाखांतून द्या. बहिणीला नामनिर्देशनात घ्यायचे का हे आईंना ठरवू द्या, आणि पैसे आजवर कुठे होते ते त्यांना तुम्ही स्वतः सांगा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिता की मावसभावाला नाही म्हणता आले नाही, म्हणून पहिल्या हप्त्याचा तीन लाखांचा धनादेश गेल्या आठवड्यात दिला आहे. पॉलिसीची कागदपत्रे हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती कारण देऊन परत करता येते. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांची जोखीम यांचे पैसे कापून बाकी रक्कम मिळते. अर्ज मावसभावाच्या हाती देऊ नका, कंपनीच्या शाखेत स्वतः देऊन पोच घ्या. ते तीन लाखही त्या २७ लाखांतूनच गेले आहेत, तेव्हा परत आले की थेट आईंच्या खात्यात जमा करा.