खानापूर भिजतंय, अथणी कोरडी का?

प्रश्न (नववीतली विद्यार्थिनी, अथणी): सर, जुलैत खानापूरजवळ मामाच्या गावी गेले की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि आमच्या अथणीत ढग येतात नि नुसते पळून जातात. बेळगाव जिल्हा एकच ना, मग असं का? आणि हवा नि हवामान यातला फरक पण सांगा, परीक्षेला हमखास येतो.

उत्तर: आधी परीक्षेचं उरकूया. आज दुपारी बेळगावात काय चाललंय, ऊन की पाऊस, वारा कुठला, ती हवा. अशा रोजच्या हवेच्या नोंदी निदान ३० वर्षं धरून जी सरासरी निघते ते हवामान. म्हणून एका वर्षी पाऊस दांडी मारला तर लगेच "हवामान बदललं" असं पेपरात लिहू नका, मार्क जातात.

आता मामाचं गाव. पावसाळ्यात नैऋत्येचे वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, कोकण-गोवा ओलांडतात आणि समोर सह्याद्री उभा. आडवं जाता येत नाही म्हणून हवा वर चढते, वर दाब कमी म्हणून ती पसरते आणि पसरली की गार होते. खोटं वाटत असेल तर सायकलच्या ट्यूबची हवा सोडून व्हॉल्व्हजवळ बोट धरा, गार लागतं की नाही बघा. गार हवेत बाष्प मावत नाही, त्याचे थेंब होतात आणि ते कणकुंबी, चोर्ला घाट, आंबोली याच पट्ट्यात धो धो कोसळतात. पुस्तकात याला प्रतिरोध पाऊस म्हणतात.

घाट ओलांडून हवा पूर्वेला उतरायला लागली की सगळं उलटं, दाबली जाते, तापते, ढग विरत जातात. शिवाय बरंचसं पाणी आधीच घाटात सांडलेलं. त्यामुळे खानापूरहून बेळगाव, पुढे गोकाक, मग अथणी असं घाटापासून लांब सरकाल तसा पाऊस कमी कमी होत जातो. अथणी पर्जन्यछायेत येते ती अशी. तुमच्याकडचे ढग पळतात ते उगाच नाही!

वळवाचा पाऊस मात्र वेगळा हं. एप्रिल-मेत जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन सरळ वर जाते, दुपारनंतर काळे ढग, विजा, कधी गारा, आणि तासाभरात खेळ खलास. हा आरोह पाऊस. याला डोंगर लागत नाही, म्हणून तो अथणीतही दणकून पडतो. दोन्ही पावसांत हवा वरच चढते, पण एकात डोंगर चढवतो नि दुसऱ्यात ऊन, परीक्षेत मुलं नेमका इथंच घोळ घालतात.

प्रश्न (दहावीतला विद्यार्थी, चिकोडी तालुका): आमच्याकडे पाऊस नसताना पण कृष्णेला पूर येतो, तो कसा काय?

उत्तर: कारण ते पाणी तुमच्या पावसाचं नाहीच की ओ. कृष्णा उगवते महाबळेश्वरात, कराडला कोयना मिळते, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, पुढे दूधगंगा. सगळ्या घाटमाथ्यावरून आलेल्या. तिकडं पाऊस लागून राहिला की एक-दोन दिवसांत पाणी तुमच्या नदीकाठी. ऑगस्ट २०१९ मध्ये चिकोडी-अथणी भागातली किती गावं पाण्यात होती ते घरच्यांना विचारा. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मोबाईलवर आपल्या गावाचा पाऊस बघत बसू नका, महाबळेश्वर, कोयना नि राधानगरीला किती पडला ते बघा.