ससा घरभर लेंड्या टाकतो, ट्रेची सवय कशी लावू?

ससा स्वतःच एखादा कोपरा ठरवतो. ट्रे तिथेच ठेवा, तुमच्या सोयीच्या जागी नको. तळाशी जुनी वर्तमानपत्रं, वर वाळलेलं गवत, आणि त्याचं खायचं गवतही ट्रेच्याच एका टोकाला. सशांना गवत चघळता चघळता लेंड्या टाकायची सवयच असते, त्यामुळे अर्धं काम इथेच होतं. बाहेर पडलेल्या लेंड्या उचलून ट्रेमध्ये टाका, वासाने त्याला जागा कळते. फरशी मात्र पांढऱ्या व्हिनेगरने पुसा. मांजरांच्या शी-शूसाठी मिळणारी, गुठळ्या होणारी वाळू (कॅट लिटर) अजिबात नको, पोटात गेली तर आतडी तुंबतात. ओरडू नका हो, बिचारा नुसता घाबरतो. 4 ते 6 महिन्यांचा झाल्यावर जागोजागी मुतायला लागला, तर तो हद्द आखतोय. सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून नसबंदी करून घ्या.