लहान अंगातला राखणदार : पूडल आणि शेफर्ड यांच्या संकराविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची कुत्री मिनिएचर पूडल आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्या संकरातून झालेली असून तिला नुकतेच चौदा महिने पूर्ण झाले. वजन जेमतेम नऊ किलो आहे. एरवी ती अतिशय लाघवी आहे. मात्र आमची सहा आणि नऊ वर्षांची मुले पळू लागली की ती त्यांच्याभोवती घिरट्या घालते, भुंकते आणि धाकट्याच्या टाचेला किंवा पोटरीला दात लावते. रक्त कधी आलेले नाही, पण वळ उठतो. घरातील वडीलधाऱ्यांच्या मते ती बिघडली आहे आणि तिला दोन फटके देणे हाच उपाय आहे. ती खरोखरच आक्रमक होत आहे का?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘पळू लागली की’ हे तीन शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. मुले बसलेली असताना, जेवताना किंवा झोपलेली असताना हा प्रकार होत नसेल, तर आपण वर्णन केलेले वर्तन आक्रमकतेचे नसून कळप वळण्याचे आहे, असे मानायला जागा आहे.

कळप वळणे ही मुळात अर्धवट थांबवलेली शिकार आहे. लांडगा सावज हेरतो, त्याच्याकडे रोखून पाहतो, दबा धरून पुढे सरकतो, पाठलाग करतो, पकडतो आणि मारतो. रेमंड कॉपिंजर या जीवशास्त्रज्ञांनी मेंढपाळी कुत्र्यांच्या कामाची उकल याच साखळीच्या आधारे केली : माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत साखळीच्या आधीच्या कड्या ठळक केल्या आणि शेवटच्या कड्या दाबून टाकल्या. मात्र कोणती कडी कोठे तुटते, हे प्रत्येक जातीत वेगळे असते. बॉर्डर कोली जमिनीलगत वाकून केवळ नजरेच्या धाकाने मेंढ्या हलवतो. ऑस्ट्रेलियन शेफर्ड (नाव फसवे आहे, ही जात घडली अमेरिकेच्या पश्चिम भागातील पशुपालकांकडे) ताठ उभा राहून, जनावराच्या जवळ जाऊन काम करतो, आणि अडून बसलेल्या गुराला हलवण्यासाठी भुंकणे व टाचेला दात लावणे ही त्याची नेहमीची हत्यारे असतात. आपल्या धाकट्या मुलाची पोटरी तिच्या दृष्टीने कळपातून फुटून निघालेल्या वासराचा मागचा पाय आहे.

पूडलचा वाटाही कमी नाही. केसांच्या कातरकामामुळे तो दिवाणखान्यातला कुत्रा वाटत असला, तरी मूळचा तो शिकाऱ्याने टिपलेले पाणपक्षी पाण्यातून काढून आणणारा कामकरी कुत्रा आहे. स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ साली आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांच्या मतांवरून जातींची जी क्रमवारी लावली, तिच्यात बॉर्डर कोली पहिला, पूडल दुसरा आणि जर्मन शेफर्ड तिसरा होता. त्यामुळे अशा संकरातले पिल्लू शांत होईल, ही अपेक्षा करण्यापेक्षा त्याच्या नजरेतून काहीही सुटणार नाही, ही तयारी ठेवावी. लहान चणीचे पूडल आवाजाला आणि गडबडीला लवकर उत्तेजित होतात, असा माझा अनुभव आहे, आणि मुलांच्या आरडाओरड्यात ती उत्तेजना वळण्याची वृत्ती चेतवते.

आता फरक कसा ओळखावा ते सांगतो. वळणारा कुत्रा मागून किंवा बाजूने येतो, हलत्या पायाला क्षणभर दात लावून सोडतो आणि मूल थांबताच त्याचा रस संपतो. आक्रमक होणाऱ्या कुत्र्याचे अंग ताठरते, ओठ वर जातात, गुरगुर ऐकू येते, आणि हे बहुधा अन्नाजवळ, झोपण्याच्या जागेजवळ किंवा अंगाला हात लावल्यावर घडते. असे काही दिसल्यास प्रशिक्षकाच्या आधी पशुवैद्यांना भेटावे, कारण त्यामागे अनेकदा दुखणे असते.

फटक्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे : देऊ नयेत. तापलेल्या कुत्र्याला मारल्याने तो अधिक तापतो, आणि संवेदनशील कुत्रा तर पुढे गुरगुरण्याची पूर्वसूचनाही गिळून टाकायला शिकतो. तथापि ‘लहानच तर आहे’ म्हणून हसून सोडून देणे हेही तितकेच चुकीचे आहे. हेच वर्तन तीस किलोच्या कुत्र्याने केले असते, तर आपण पहिल्याच आठवड्यात मदत घेतली असती.

तिच्याकडे दोन दिवस नुसते बारकाईने पाहा. धाव घेण्यापूर्वी तिचे उघडे तोंड मिटते, मान खांद्याच्या रेषेखाली येते, कधी एक पुढचा पाय अधांतरी राहतो आणि नजर एकाच मुलावर खिळते. ही अवस्था एखाद-दोन सेकंदच टिकते, पण आपले सारे काम त्या एखाद-दोन सेकंदांतच करायचे असते, कारण एकदा ती सुटली की स्वतःचे नावही तिला ऐकू येणार नाही. मान खाली गेली रे गेली की हाक मारावी, वळून आली की आवडता खाऊ द्यावा आणि तिच्या बसण्याच्या चटईवर पाठवावे. ही सवय आधी शांत घरात, मग एक मूल चालत असताना, मग पळत असताना आणि सर्वांत शेवटी दोघे दंगा करत असताना, लांब पट्टा बांधून, टप्प्याटप्प्याने लावावी. तोवर मुलांची पळापळ आणि कुत्री यांच्यामध्ये दार किंवा जाळी असू द्यावी. प्रत्येक यशस्वी पाठलाग हा तिच्यासाठी सराव असतो आणि तो फुकट मिळू देऊ नये. मुलांनाही सांगावे की ती मागे लागली तर किंचाळत पळायचे नाही, हात छातीशी घेऊन झाडासारखे उभे राहायचे. प्रौढ माणूस समोर नसताना मात्र मुलांच्या या शहाणपणावर विसंबू नये.

वृत्तीला वाटही हवी. जर्मनीत सुरू झालेल्या ट्राइबबॉल या खेळात कुत्रा मोठे चेंडू नाकाने ढकलत मालकाने दाखवलेल्या जागी आणतो; घरच्या घरी एका मोठ्या चेंडूवरही याची सुरुवात करता येते. त्यातील खरा लाभ धावण्याचा नसून मध्येच ‘थांब’ म्हटल्यावर थांबण्याचा आहे. याउलट तासभर चेंडू फेकत राहिल्याने अशी कुत्री दमत नाहीत, उलट अधिकच पेटतात. संध्याकाळी दात लावण्याचे प्रमाण वाढत असेल, तर तिची दुपारची झोप पुरी होते का, तेही पाहावे.

प्रश्न : आम्ही जर्मन शेफर्ड आणि मिनिएचर पूडल यांच्या संकराचे पिल्लू घेण्याच्या विचारात आहोत. पैदास करणाऱ्याचे म्हणणे असे की, पूडलचे रक्त आल्याने राखणीची वृत्ती निघून जाते आणि आकार लहान असल्याने कुत्रा शांत राहतो. हे कितपत खरे आहे?

उत्तर : दोन्ही विधाने विक्रीसाठी सोयीची आहेत, यापलीकडे त्यांत तथ्य नाही. कुत्र्यांच्या आकारातील बराचसा फरक मोजक्या जनुकांवर ठरतो. स्वभाव मात्र असंख्य जनुके आणि संगोपन यांच्या मिश्रणातून घडतो. त्यामुळे अंग आखडले म्हणून वृत्ती आखडत नाही. पहिल्या पिढीतील प्रत्येक पिल्लाला आई आणि वडील यांच्याकडून निम्मा-निम्मा वारसा मिळतो खरा, पण त्या निम्म्यात नेमके काय आले, हे एकाच वेतातील भावंडांतही निराळे असते. एक पिल्लू दिवसभर पायाशी लोळते आणि दुसरे खिडकीवर पहारा देते. संकराला पुन्हा पूडलशी जुळवले तर शेफर्डच्या सवयींचा संभव कमी होतो, पण शून्य होत नाही.

शिवाय ‘शेफर्ड’ हा काही एकच स्वभाव नव्हे. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानित्स यांनी जर्मन शेफर्ड जातीची नोंद सुरू केली, तेव्हा त्यामागचे काम होते कुंपण नसलेल्या शेतांच्या कडेने फेऱ्या मारत मेंढ्यांना पिकात शिरू न देण्याचे. थोडक्यात, तो चालते कुंपण होता. म्हणून या संकरात टाचेला दात लावण्यापेक्षा दारापासून गच्चीपर्यंत गस्त घालणे, माणसामागून खोलीखोलीत फिरणे आणि पाहुणा उठून उभा राहिला की भुंकणे, असे प्रकार दिसण्याची शक्यता अधिक धरावी. शेटलंड शीपडॉग या लहान चणीच्या मेंढपाळी जातीचा अंश असेल, तर भुंकण्याची तयारी ठेवावीच.

अर्थात जातीवरून सारे सांगता येते, असेही नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतलेल्या एका जनुकीय अभ्यासात कुत्र्याकुत्र्यांमधील वर्तनाच्या फरकांपैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीने स्पष्ट झाला. माणसाचे ऐकण्याकडे असलेला कल मात्र इतर गुणांपेक्षा जातीशी अधिक जुळलेला आढळला. म्हणून पिल्लाच्या गोंडस चेहऱ्यापेक्षा त्याच्या आईवडिलांना पाहावे. विशेषतः शेफर्ड पालकासमोरून कोणी पळाले, तर तो काय करतो आणि हाकेला किती लवकर परततो, हे पाहण्याचा आग्रह धरावा. दाखवायला टाळाटाळ झाली, तर पिल्लू घेऊ नये. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ नव्या माणसांची, आवाजांची आणि मुलांची ओळख होण्याचा असतो. त्यातला पहिला भाग पैदास करणाऱ्याच्याच हाती असतो, हेही विसरू नये.

थोडे विषयांतर करतो, पण ते जिवाशी निगडित आहे. ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेटलंड शीपडॉग आणि काही प्रमाणात जर्मन शेफर्ड या जातींत एमडीआर-१ या जनुकाचा दोष आढळतो. तो असलेल्या कुत्र्याला जंत व परजीवींवरील आयव्हरमेक्टिनच्या मोठ्या मात्रा किंवा जुलाबावरील लोपेरामाइड ही औषधे मेंदूवर विषारी परिणाम करू शकतात, आणि दोष संकरातही उतरतो. जनुकीय चाचणीने तो कळतो. चाचणी होईपर्यंत पशुवैद्यांना संकराची माहिती आवर्जून द्यावी आणि घरातली औषधे स्वतःच्या मनाने देऊ नयेत.

प्रश्न : आमचा शेटलंड शीपडॉग आणि टॉय पूडल यांचा संकर सायकली आणि मोटारींमागे धावतो. मोठा झाल्यावर ही सवय आपोआप सुटेल का?

उत्तर : सुटणार नाही, बहुधा पक्की होईल. तो धावतो, भुंकतो आणि मोटार दरवेळी निघून जाते. त्याच्या हिशेबी काम फत्ते झालेले असते, म्हणजे बक्षीस आपण न देताही त्याला मिळते. रस्त्यावर त्याला मोकळे सोडू नये. सायकल दिसूनही तो खाऊ खाऊ शकेल आणि आपल्याकडे वळून पाहू शकेल, इतक्या अंतरावर सराव सुरू करावा आणि ते अंतर आठवड्या-आठवड्याने कमी करावे. तो खाऊ नाकारू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत, असे समजून मागे सरावे.

प्रश्न : पिल्लाला व्यायाम व्हावा म्हणून आम्ही भिंतीवर लेझरचा ठिपका फिरवतो. आता ते सावल्यांकडेही टक लावून बसते. यात काही गैर आहे का?

उत्तर : हो. लेझर आजच बंद करावा. ठिपका कधीच तोंडात येत नाही, त्यामुळे पाठलागाला शेवट मिळत नाही, आणि हलत्या वस्तूंवर नजर खिळवण्याचा वारसा असलेल्या पिल्लात त्याचे वेड लागू शकते. त्याऐवजी काठीला बांधलेली चिंधी जमिनीवरून ओढावी, ती त्याला पकडू द्यावी, दोन मिनिटे ओढाताण करावी आणि खाऊच्या बदल्यात सोडायला लावावी. दोन-तीन आठवड्यांनंतरही सावल्यांचा पाठलाग चालू राहिला, किंवा त्यासाठी ते खाणे-झोपणे सोडू लागले, तर त्याचे भ्रमणध्वनीवर चित्रीकरण करून पशुवैद्यांना दाखवावे.