घरात एकाला टीबी निघाला. बाकीच्या धडधाकट माणसांनी गोळ्या घ्यायच्या का? (कोल्हापूर)

हो, डॉक्टर सांगत असतील तर नक्की घ्या. जंतू शरीरात झोपून राहतात आणि प्रतिकारशक्ती घटली की उठतात, गोळ्या त्यासाठीच. फुप्फुसाचा टीबी असेल तर 2021 पासून घरातल्या सगळ्या वयांच्या माणसांसाठी हे उपचार आहेत, सरकारी दवाखान्यात फुकट. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा गावच्या आरोग्य केंद्रात जा. आधी तपासणी करून कुणाला टीबी नाही ना, हे बघतात. मग रोज गोळी 6 महिने, नाहीतर आठवड्यातून एकदा, असे 12 डोस.

"मला काय झालंय?" म्हणत आमच्या आईनं आधी नकारच दिला. मग डेअरीच्या वहीत दर रविवारी दुधाच्या आकड्याशेजारी फुली मारत बाराही डोस पुरे केले. आठवड्याच्या गोळीनं लघवी केशरी होते, घाबरू नका. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.