पॉमेरेनियनचे केस मशीनने काढले, पाच महिने झाले तरी नीट येत नाहीत. काय करावं? (रत्नागिरी)

घाबरू नका, बहुतेक कुत्र्यांचे केस परत येतात. पण वेळ लागतो: सहा महिने ते वर्ष, पॉमेरेनियनला कधी दीड-दोन वर्षंही. या जातीचे केस बराच काळ वाढ थांबवून नुसते टिकून असतात, म्हणून मुळाशी कापले की लगेच वाढत नाहीत. आधी आतली मऊ लव येते, वरचे लांब केस मागाहून. तोवर अंग कापसासारखं दिसेल.

आपल्याकडे खरा त्रास दमटपणाचा. पावसाळ्यात अंग ओलं राहिलं की बुरशी आणि खाज आलीच. आंघोळ महिन्यातून एकदा, कुत्र्यांच्याच शाम्पूने, आणि मग अगदी कातडीपर्यंत कोरडं करा. समुद्रावर नेलंत तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा. मऊ ब्रश रोज हलक्या हाताने. दुपारच्या उन्हात सोडू नका, उघडी कातडी भाजते.

खाण्यात उकडलेली तारली किंवा बांगडा, काटे काढून, मीठमसाला न घालता, आठवड्यातून एक-दोनदा. सुकी खारवलेली मासळी मात्र अजिबात नको. खोबरेल चोपडून केस वाढत नाहीत. तो चाटत बसतो आणि धूळ चिकटते.

दोन्ही बाजूंना सारखे टक्कल, काळी पडलेली कातडी, सुस्ती किंवा सारखी तहान दिसली तर पशुवैद्याकडून थायरॉईडची आणि इतर हार्मोनची तपासणी करून घ्या. आणि कृपा करून पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मशीन लावू नका. पंखा, गार फरशी आणि भरपूर पाणी त्याला पुरतं.