फॉस्फेट वाढलंय? आधी खाद्याचा डबा बाजूला ठेवा

घाबरू नका, माशांच्या टाकीत शेवाळ आलं म्हणजे टाकी बिघडली असं नाही. फॉस्फेट म्हणजे पाण्यात विरघळलेला क्षार, शेवाळ त्यावर पोसतं. पण औषधाची बाटली आणायची घाई नको. शेवाळनाशकाने शेवाळ मरतं, टाकीतच कुजतं, ऑक्सिजन घटतो आणि फॉस्फेट परत पाण्यात उतरतं.

आधी नळाच्या पाण्याची चाचणी करा. त्यातच फॉस्फेट असेल, तर नुसतं पाणी बदलून आकडा खाली येणार नाही. आरओचं पाणी मिसळावं लागेल. नळाचं पाणी ठीक असेल, तर बहुतेक वेळा दोष खाद्याचा.

- खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गोठवलेलं खाद्य गाळणीत वितळवा आणि ते लालसर पाणी टाकून द्या.
- आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदला. सायफनचं तोंड खडीत खुपसा. नळीतून वर येणारा तपकिरी गाळ हाच फॉस्फेटचा साठा.
- दिवा ६ ते ८ तास, टायमरवर. खिडकीचं ऊन टाकीवर नको.

फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात.

एक गोम: काचा हिरव्यागार आणि चाचणीत फॉस्फेट शून्य, असंही दिसतं. शेवाळाने ते आधीच शोषलेलं असतं. म्हणून शेवाळ हाताने खरवडून बाहेर काढा. फिल्टरमध्ये घालायचं फॉस्फेट शोषणारं माध्यम एवढ्यात नको. महिनाभर हे करून मग पुन्हा मोजा.