अनाथ मुलाला घर आणि प्रेम मिळेपर्यंतची खडतर वाट दाखवणारी, पण रडकी नसलेली कादंबरी सुचवाल का?

रडकी नको म्हणालात म्हणून चार्ल्स डिकन्सची 'डेव्हिड कॉपरफील्ड' सुचवतो. १८४९-५० मध्ये ती मासिक हप्त्यांनी आली. ६४ प्रकरणं आहेत, तेव्हा सवड काढूनच हातात घ्या.

बाप जन्माआधीच गेलेला, मग आई गेली, आणि सावत्र बापाने दहा वर्षांच्या पोराला लंडनमध्ये दारूच्या वखारीत बाटल्या धुवायला जुंपलं. तिथून तो पळतो, डोव्हरला राहणाऱ्या वडिलांच्या आत्याकडे. ही आत्या त्याच्या जन्माच्या रात्री घरी आली होती; मुलगी न होता मुलगा झाला म्हणून तडक निघून गेली ती पुन्हा फिरकली नाही. मग तिच्याकडून आशा कसली? तर त्या भेटीत तिने आईच्या केसांवरून हळूच हात फिरवला, असं आईला वाटलं होतं. आईकडून ऐकलेल्या एवढ्याशा गोष्टीच्या भरवशावर पोरगं सुमारे ११० किलोमीटर चालायला निघतं.

सामानाची पेटी आणि उसने आणलेले पैसे निघतानाच लुबाडले जातात. मग पहिल्या संध्याकाळी वेस्टकोट नऊ पेन्सांना विकतो. पुढे चॅटमला जाकीट. तो जुन्या कपड्यांचा दुकानदार म्हणजे अर्धवट वेडा म्हातारा, पैसे द्यायची दानत नाही. दारात बसलेल्या पोरावरची सावली सरून ऊन येतं, पुन्हा सावली येते. शेवटी म्हातारा अर्ध्या-अर्ध्या पेनीने मोजत दोन तासांत शिलिंगपर्यंत (म्हणजे बारा पेन्स) पोचतो. वर चार पेन्स टाकतो आणि भुकेने गळालेलं पोर सौदा मान्य करतं. डिकन्स इथे गळा काढत नाही, फक्त पैसे मोजतो. (तो स्वतः बाराव्या वर्षी बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना कागद चिकटवत होता, वडील कर्जापायी तुरुंगात होते. आईबाप असून पोरकं वाटणं त्याला ठाऊक होतं.)

सहाव्या दिवशी तो डोव्हरला पोचतो. बागेत हातात सुरी घेतलेली आत्या त्याला बघताच हाकलते, इथे पोरंबिरं नकोत म्हणून. मी तुमचा नातू, असं त्याने सांगितल्यावर मात्र ती वाटेवरच मटकन खाली बसते. आता याचं काय करायचं, असं ती घरातल्या भोळसट मिस्टर डिकना विचारते. ते म्हणतात, मी तर याला आंघोळ घालीन! सबंध कादंबरीतला सगळ्यात शहाणा सल्ला मला हाच वाटतो.

पण घर मिळतं ते चौदाव्या प्रकरणात. प्रेमाला फार उशीर लागतो. पंधराव्या प्रकरणात अ‍ॅग्नेस भेटते, तिला हा बहीणच मानून बसतो. दिसायला गोड, संसारात अगदी पोरकट अशा डोराशी लग्न करतो, ती मरण पावते, आणि अ‍ॅग्नेसला मनातलं सांगायला बासष्टावं प्रकरण उजाडतं. मधे उपकथानकं बरीच आहेत, काही पानं भराभर उलटलीत तरी पाप लागणार नाही. अ‍ॅग्नेसही मला जरा जास्तच सोज्वळ वाटते. पण दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट लक्षात आली: ती राहते कँटरबरीत, आणि डोव्हरला पायी जाताना हा फाटका पोरगा त्याच गावातल्या उन्हाने पेंगुळलेल्या रस्त्यावरून गेलेला असतो.